टेकू, कणा, भिस्त वगैरे

गेले दोन वीकएंड मी एक शब्द शोधतोय. शब्द कोड्यासाठी नाही, मानपत्रासाठी हवा आहे.

झालं असं की पंधरा दिवसांपूर्वी काकाचा फोन आला. "तू काहीतरी लिहीत असतोस ना? मग आक्काचं मानपत्र तूच लिही. एक पान बास. फ्रेम करायचंय. आणि जरा भारी शब्द वापर!"

आक्का म्हणजे माझी आत्या. बाबांची आणि काकाची मोठी बहीण. ते दोघं आक्का म्हणतात, म्हणून आई, काकू, शेजारीपाजारी, दूधवाला, सगळेच आक्का म्हणतात. फक्त आम्ही पोरं आत्या म्हणतो. कराडजवळच्या आमच्या गावात आईबाबांबरोबर राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, अठ्ठावन्नाव्या वर्षी रिटायर झाली. आता साठ पूर्ण होतायत म्हणून दिवाळीआधी एकसष्टी करायची ठरली आहे. हॉल ठरला, आचारी ठरला, फ्लेक्सही ठरला. राहिलं ते मानपत्र.

मला वाटलं, त्यात काय! शनिवारी सकाळी चहाचा कप घेऊन लॅपटॉप उघडला आणि पहिलं वाक्य ठोकून दिलं. 'आमच्या कुटुंबाच्या आधारस्तंभ...' आणि तिथेच थांबलो. कारण हा शब्द मी आदल्याच दिवशी सिग्नलला पाहिला होता. फ्लेक्सवर. वर तीन मोठे चेहरे, खाली पंचवीस छोटे चेहरे, आणि मोठ्या चेहऱ्यांच्या खाली अनुक्रमे 'प्रेरणास्थान', 'मार्गदर्शक', 'आधारस्तंभ'. ज्या शब्दाला गॉगल लावून वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या जातात तो आत्याला कसा लावायचा? खोडला.

मग साधा 'आधार' घेतला. पण हा बिचारा शब्द तर आता कार्डाचाच झालाय. २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात पहिलं आधार कार्ड दिलं गेलं, आणि तेव्हापासून आधार ही झेरॉक्स काढायची वस्तू झाली. 'आधार लिंक आहे का?', 'आधार अपडेट करायचंय', 'आधार घरी राहिलं'. पूर्वी आधार पुल्लिंगी होता, देता-घेता यायचा. आता नपुंसकलिंगी झालाय आणि त्याला बारा आकडे असतात. असो.

मग मी आमच्या धंद्यातली सवय केली. अडलं की शोधायचं. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (पहिली आवृत्ती १८३१, सुधारून वाढवलेली १८५७) आणि दाते-कर्वे मंडळींचा महाराष्ट्र शब्दकोश (१९३२ ते १९३८, सात खंड) हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट चाळता येतात. एकदा त्यात शिरलं की शनिवार कुठे जातो कळत नाही. आधार या एका अर्थाभोवती मराठीत केवढी गर्दी आहे! आसरा, टेकू, धिरा, कणा, मेढ, मदार, भिस्त, पाठबळ, आधारवड... मला वाटलं होतं की हे सगळे एकाच अर्थाचे शब्द आहेत, त्यातला भारी तो उचलायचा. पण तसं नसतं. प्रत्येक शब्द थोडं वेगळं काहीतरी सांगतो, आणि आत्याच्या बाबतीत तर प्रत्येक शब्द काहीतरी चुगली करत होता.

'आधारवड' घ्या. हा वर्तमानपत्रांचा आवडता. पण तो नेहमी कोसळतो. 'सहकार क्षेत्राचा आधारवड कोसळला', की झाली बातमी. म्हणजे माणूस जिवंत असेपर्यंत त्याला हा शब्द मिळत नाही! गंमत म्हणजे खरा वड तसा सहजासहजी कोसळत नाही. कोलकात्याजवळ शिबपूरच्या वनस्पती उद्यानात तो प्रसिद्ध भलामोठा वड आहे. १८६४ आणि १८६७ च्या चक्रीवादळांचा मार त्याने खाल्ला, पुढे मुख्य खोडाला बुरशी लागली, आणि १९२५ मध्ये ते खोडच कापून काढावं लागलं. झाड मात्र आजही उभं आहे, हजारो पारंब्यांवर. पारंब्या जमिनीत रुजल्या की त्यांचीच खोडं होतात. पण त्यासाठी पारंब्यांनी जमिनीपर्यंत यावं लागतं. आमच्या घरातल्या पारंब्या अजून हवेतच लोंबकळतायत. त्यातली एक पारंबी पुण्यात आयटीत आहे.

'कणा' चांगला शब्द आहे. पण कणा आपल्याच शरीरात असतो, आणि दुखायला लागेपर्यंत आपल्याला तो आहे हे कळतच नाही. हे मात्र आत्याला बरोबर लागू पडतं. आजोबा गेले तेव्हा ती एकवीस वर्षांची होती. डी.एड. करून नुकतीच नोकरीला लागली होती. बाबा सतरा वर्षांचे, काका चौदाचा. तिचं लग्न 'पुढच्या वर्षी' करायचं होतं. मग बाबांचं डिप्लोमाचं शिक्षण आलं, मग काकाचं कॉलेज, मग घराचं कर्ज. पुढचं वर्ष पुढेच जात राहिलं. कुणी तिला 'लग्न करू नकोस' असं कधी म्हणालं नाही. आमच्याकडे कुणी असं म्हणत नसतं. फक्त दरवर्षी काहीतरी निघायचं.

'मेढ' या शब्दापाशी मी बराच वेळ थांबलो. मेढ म्हणजे खळ्याच्या मधोमध रोवलेला खांब. काही ठिकाणी तिवडाही म्हणतात. मळणीला बैल त्याला बांधायचे आणि ते त्याच्याभोवती गोल गोल फिरायचे. शहरात मेढ फक्त 'मुहूर्तमेढ' या शब्दात उरली आहे, लग्नाच्या मांडवासाठी चांगला मुहूर्त बघून रोवतात ती. आमच्या घरात बाबांच्या आणि काकाच्या लग्नाची, अशा दोन मुहूर्तमेढी आत्याच्या पगारावर रोवल्या गेल्या. तिसरी राहिली.

आणि त्याला जोडून 'मदार'. 'सगळी मदार त्याच्यावर आहे' असं आपण बोलतो. हा मूळचा अरबी शब्द, फारसीतून आपल्याकडे आला. त्याचा मूळ अर्थ ज्याच्याभोवती काहीतरी फिरतं तो आस. म्हणजे मेढच की! कुठलं अरबस्तान आणि कुठलं कराडचं खळं, पण दोन्हीकडे माणसांना तीच गोष्ट दिसली. फिरणारे वेगळे आणि ज्याच्याभोवती फिरायचं तो वेगळा. फिरणारे कुठेतरी जातायत असं तरी वाटतं. मेढ जागची हलत नाही.

इंग्रजीतही हेच. आमच्या मॅनेजरला मेलमध्ये अमुक एक जण टीमचा 'मेनस्टे' आहे असं लिहायची हौस आहे. मेनस्टे म्हणजे शिडाच्या जहाजाची मुख्य डोलकाठी ताणून धरणारा जाड दोर. जहाज दर्यावर फिरून येतं, दोर एका जागी ताणलेला. (ज्याला ज्याला मेनस्टे म्हटलं जातं त्याची रजा कधी मंजूर होत नाही, हे आमच्या टीममध्ये सगळ्यांना माहीत आहे.)

आमच्या क्षेत्रात याच्यासाठी एक क्रूर पण उपयोगी कल्पना आहे, 'बस फॅक्टर'. टीममधली किती माणसं उद्या बसखाली आली तर प्रोजेक्ट बंद पडेल? उत्तर जर एक असेल तर तुमचं प्रोजेक्ट धोक्यात आहे. मग त्या एका माणसाचं कितीही कौतुक करा, ती टीमची ताकद नसते. डॉक्युमेंटेशन नाही, दुसऱ्या कुणाला काही माहीत नाही, एवढाच त्याचा अर्थ. मी सहज हिशेब केला. घराची पावती कुठल्या ट्रंकेत आहे? आत्याला माहीत. विम्याचा हप्ता कधी? आत्या. बाबांची गेल्या वर्षी बायपास झाली, त्यांच्या गोळ्या आठवड्याच्या डबीत कोण भरतं? आत्या. भाऊबंदांशी चाललेल्या वाटणीच्या केसमध्ये वकिलाशी कोण बोलतं? आमच्या घराचा बस फॅक्टर एक आहे. गेली चाळीस वर्षं.

आता 'टेकू'. हा शब्द राजकारणाने बदनाम केला. बाहेरून टेकू द्यायचा आणि मग काढून घ्यायचा. १९७९ मध्ये चरणसिंगांचं सरकार काँग्रेसच्या टेकूवर आलं आणि लोकसभेला सामोरं जायच्या आधीच गेलं. १९९० मध्ये चंद्रशेखरांचं आलं, मार्च १९९१ मध्ये त्यांनीही राजीनामा दिला. त्यामुळे टेकू म्हटलं की काहीतरी तकलादू असं वाटतं. पण मी मूळचा सिव्हिलवाला. (होय, चार वर्षं काँक्रीट शिकून जावा लिहितोय. आमच्या बॅचचे निम्मे तसेच.) आमच्यासाठी टेकू ही अत्यंत सन्माननीय वस्तू आहे.

स्लॅब टाकताना खाली सेंटरिंगच्या फळ्या आणि त्यांना उभे टेकू लावतात. काँक्रीट ओलं असताना त्याला स्वतःचं वजनही पेलत नाही, ते सगळं टेकू पेलतात. पण टेकू किती दिवस ठेवायचे याला नियम आहे. आयएस ४५६ हे आमचं काँक्रीटचं बायबल. साधं सिमेंट असेल आणि थंडी फार नसेल, तर ४.५ मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू किमान ७ दिवस, त्याहून मोठ्या स्लॅबचे किमान १४ दिवस. त्याआधी काढले तर स्लॅब खाली येईल. पण मुदत झाली, काँक्रीटने ताकद धरली, की काढायचे. काढायचेच असतात. टेकू काढल्याशिवाय स्लॅबवर त्याचा स्वतःचा भार येत नाही.

आणि समजा नाही काढला तर? समजा मधोमध एक टेकू कायमचाच ठेवून दिला? कॉलेजात आम्हाला हे पेपरला यायचं. साध्या स्लॅबमध्ये मुख्य सळई खालच्या अंगाला असते, कारण तो मध्यावर खाली वाकणार हे धरलेलं असतं. मध्येच कायमचा टेकू दिला की स्लॅबची वाकायची तऱ्हाच बदलते. त्या टेकूच्या डोक्यावर स्लॅब वरच्या अंगाने ताणला जातो, आणि तिथे तर सळईच नसते. मग तो वरून तडकतो. सगळ्यांना वाटतं, टेकू आहे म्हणजे स्लॅब जास्त भक्कम.

हे लिहिताना मला एकदम घाम फुटला, खोटं कशाला सांगू. कारण मानपत्राच्या त्याच आठवड्यात आमच्या घरात आणखी एक गोष्ट चालली होती. काकाची मुलगी, म्हणजे माझी चुलत बहीण, पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार आहे. जानेवारीत तारीख आहे. काकूला बँकेतून तेवढी रजा मिळणार नाही. फोनवर मी सहज विचारलं, मग कसं करणार? काका लगेच म्हणाला, "अरे, आक्का आहे ना!"

आणि मी? मला जर्मनीला दोन वर्षांचं ऑनसाइट मिळतंय. बायको म्हणाली होती, बाबांची तब्येत अशी असताना जायचं का? तेव्हा मी क्षणभरही विचार न करता म्हणालो होतो, "आत्या आहे ना!"

दोन कोश आणि दोन शनिवार घालवून मला जो शब्द सापडत नव्हता तो हाच. आहे ना! अख्ख्या महाराष्ट्रात माणसाच्या आधाराला रोजच्या बोलण्यात हेच म्हणतात. कोशात तो सापडणार नाही कारण तो नामच नाही. त्यात त्या माणसाने काय करायचं ते सांगितलेलं नाही, कधीपर्यंत करायचं ते नाही, त्याला विचारलंय का तेही नाही. तो आहे, एवढं पुरतं. आणि हे वाक्य आपण त्या माणसाशी कधी बोलत नाही, बाकीच्यांशी बोलतो. आत्याबद्दल 'आहे ना' मी लहानपणापासून हजारदा ऐकलंय. माझ्या इंजिनिअरिंगची पहिल्या वर्षाची फी कशी भरायची यावरही बाबा हेच म्हणाले होते. तिच्या पाटल्या त्यानंतर मला कधी दिसल्या नाहीत.

मी मानपत्र लिहिलं. भारी शब्द एकही नाही. तिने काय काय केलं ते सरळ सालवार लिहिलं, पाटल्यांसकट. शेवटी मात्र मोह आवरला नाही, एक वाक्य टाकलंच: 'आजही आमच्या घराला आत्याचा आधार आहे.' आणि बाबांना व्हॉट्सअ‍ॅप करून टाकलं.

गुरुवारी बाबांकडून फोटो आला. माझ्या मानपत्राची प्रिंट आणि त्यावर लाल पेनाच्या खुणा! बाबांनी ते शुद्धलेखन तपासायला आत्याकडेच दिलं होतं. मी कपाळावर हात मारला. "अहो बाबा, तिचंच मानपत्र तिलाच तपासायला कसं दिलंत?" बाबा अगदी निरागसपणे म्हणाले, "मग दुसरं कोण तपासणार? आक्का आहे ना."

ऱ्हस्व-दीर्घाच्या सात चुका होत्या. पाटल्यांचं वाक्य पूर्ण खोडलं होतं. आणि शेवटच्या वाक्यात 'आहे'वर गोल करून वर 'होता' लिहिलं होतं. समासात तिच्या त्या सुवाच्य अक्षरात शेरा: 'काळ चुकला.'

मी तिला फोन केला. "आत्या, हे काय?"

"काय म्हणजे? बरोबर केलंय."

"अगं, पण 'होता' म्हटलं की कसंतरीच वाटतं. माणूस गेल्यावर लिहितात तसं."

ती हसली. "जातेच आहे मी. दिवाळी झाली की नर्मदा परिक्रमेला. पायी. आम्ही तिघी आहोत, शाळेतल्याच. पाच महिने तरी लागतील. समारंभात सगळ्यांना सांगणार होते, तू आधी विचारलंस."

मी पटकन बोलून गेलो, "आणि बाळंतपण?"

फोनवर जरा वेळ काही आवाज नाही. मग ती म्हणाली, "तिला आई आहे ना रे." रागाने नाही. फळ्यावर उत्तर लिहावं तशी.

आणि मग मला विचारलं, "तू जर्मनीला कधी निघतोयस?" मी म्हटलं अजून नक्की नाही. "नक्की कर," ती म्हणाली. "माझ्यावर ठेवून जाऊ नकोस. जा, पण बघून जा." एवढं म्हणून नेहमीसारखं जेवलास का विचारलं आणि फोन ठेवला.

कोशातला एक शब्द राहिलाच होता, 'भिस्त'. तो आपण ठेवतो. दुसऱ्यावर ठेवतो आणि मोकळे होतो. ओझं ठेवावं तसं.

काल शनिवारी गावी जाऊन आलो. बाबांना समोर बसवून त्यांच्या गोळ्यांची नावं आणि वेळा त्यांच्याकडूनच एका वहीत लिहून घेतल्या. दोनदा त्यांनी "आक्काला..." असं सुरू केलं आणि मधेच थांबले. आठवड्याची डबी त्यांनी स्वतः भरली. एक गोळी चुकली, ती मी काढली. ट्रंकेच्या किल्ल्या आईने घेतल्या. वकिलाचा नंबर मी घेतला. जर्मनीचं उत्तर सोमवारी द्यायचंय, आणि ते काय द्यायचं हे खरंच अजून ठरलेलं नाही. पण या वेळी ते ठरवताना 'आहे ना' म्हणायचं नाही, एवढं ठरवलंय.

आत्या हे सगळं दारातून बघत होती. पायात नवे कोरे स्पोर्ट्‌स शूज. सवय व्हावी म्हणून घरात घालून फिरते म्हणे!

मानपत्र छपाईला दिलं. पाटल्यांचं वाक्य मी परत घातलंय, ते तिला समारंभातच कळेल. शेवटच्या वाक्यात मात्र 'होता'च ठेवलंय. बाई बरोबर असतात.